बोटभर चुना

दीड कोटी.
लिलावात बोली तिथं थांबली त्या रात्री
गंगाखेडात, लिंबाजीच्या सलूनमधून
अर्ध्या दाढीची तीन माणसं रस्त्यावर येऊन नाचली.
फेस गालावर तसाच.

दुसऱ्या दिवसापासून
परमेश्वर हे नाव कुणी घेईना.
दीड कोटी आज उतरणार का,
दीड कोटीचा गुडघा कसाय आता,
दीड कोटीची माय, बघा की,
अजून मोंढ्याजवळ मेथीच विकते.

मी चुना टाकतो.
नोकरी शाळेत शिपायाची, पण ओळख ती.
तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून
ताणलेल्या दोरीवरून चालायचं, वाकून:
मध्यरेषा, निदानरेषा, बोनस.
हा तेव्हा असेल बारा वर्षांचा,
सकाळी सकाळी माझ्या मागं उलटा चालायचा,
टाच उचलून, रेषेला पाय न लावता.
“मामा, ओली आहे अजून.”
कोरड्या चुन्याला ओली म्हणायचा.

मोसम संपला. गुण सत्त्याऐंशी.
लिंबाजीनं आरशावर साबणाच्या बोटानं भागाकार मांडला:
गुणामागं एक लाख बहात्तर हजार चारशे,
वर काही चिल्लर.
“एवढ्यात माझं दुकान येतं की लेका,
खुर्च्यांसकट.”
गिऱ्हाइकानं मान डोलावली
आणि वस्तऱ्याखाली थोडं रक्त आलं.
तुरटी लावून दोघं पुन्हा हिशेबाला लागले.

दिवाळीनंतर वैजनाथअप्पा मोबाइलवाल्यानं
प्रदर्शनी सामना लावला. तिकीट पन्नास.
उसाच्या ट्रॉल्या उभ्या केल्या, त्यावर माणसं,
माणसांच्या खांद्यावर पोरं.
चुन्याचे मला तीनशे ठरले.

तो आला. माती कपाळाला लावली.
माझ्याकडं बघेल असं वाटलं होतं.
लोकांनी पन्नास दिले होते, मी काहीच नाही,
तरी वाटलं होतं.

पहिली चढाई रिकामी.
दुसरी रिकामी.
“काय की बा, टीव्हीत मोठा दिसतो.”
तिसरीला गुलामनबीच्या धाकट्यानं,
सोहेलनं, जो बारावीच्या रसायनात अडकलाय दोन वर्षं,
घोटा धरला.
मग तिघं वर पडले. ढीग. धूळ. शिट्टी.
ट्रॉल्या हादरल्या. कुणी चप्पल फेकली,
कुणी ओरडलं, पैसे वापस!
आणि लगेच सोहेलला उचलून
मैदानाला तीन फेऱ्या.

मी मध्यरेषेच्या टोकाला डबा घेऊन बसलो होतो.
शिट्टीच्या आधी
ढिगाखालून एक हात निघाला.
मधलं बोट रेषा ओलांडून टेकलं
आणि आत गेलं, गोगलगाईसारखं.
धरणारे चार, म्हणजे चार गुण.
लिंबाजीच्या आरशाप्रमाणे
सहा लाख एकोणनव्वद हजार सहाशे.
पंच डोळे चोळत होता.

मी उठलो.
परमेश्वरनं तेव्हा पाहिलं माझ्याकडं, पहिल्यांदा.
बोट पांढरं होतं.
त्यानं ते चड्डीला पुसलं, सावकाश,
जसं कुणी चहाच्या कपाचा कान पुसावा.
मी बसलो.

सोहेलसाठी पुसलं म्हणावं,
तर सोहेल त्याचा कोण?
दमला असेल. की पंचाशी वाद घालायचेही
आता त्याला पैसे लागतात?
की त्या एका गुणाची किंमत
त्याला कुणाला काढू द्यायची नव्हती?
मला ठाऊक नाही. गुडघा मात्र सुजलेला होता,
तो मी जवळून पाहिला.

संध्याकाळी मैदान मोकळं झालं.
रेषेत एक खाच, बोटभर.
डब्यात चुना उरला होता.
खाच बुजवली नाही.

सकाळी लिंबाजी म्हणाला,
“संपला रे तो. तू तर जवळ होतास,
तुला काय दिसलं?”
“धूळ,” मी म्हणालो.
आरशावरचा भागाकार वाळून
तसाच राहिलाय, त्यातून माझं तोंड दिसतं.

माझे तीनशे अप्पानं अजून दिले नाहीत.